किडलेला दात भरायचा कोणी? एक संघटना, एक ठराव आणि दोन रिव्ह्यू

सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच एक वाक्य टाकतो : ‘या विषयावर अमुक राष्ट्रीय संघटनेची भूमिका अशी आहे.’ पुढे कंसात साल आणि विषय संपला. गाईडही सहसा काही म्हणत नाहीत, कारण संघटना मोठी असते आणि नाव वजनदार असतं. पण संघटनेची भूमिका म्हणजे संशोधनाचा निष्कर्ष नव्हे. तो मतदानाने झालेला निर्णय असतो. त्याला पुराव्याचा आधार असू शकतो, पण तो पुरावा कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून गोळा केला हे तपासल्याशिवाय ते वाक्य तुमच्या प्रबंधात जाता कामा नये.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आज एकच प्रकरण सविस्तर घेतो : अमेरिकन डेंटल असोसिएशन, म्हणजे एडीए, आणि डेंटल थेरपिस्टना तिने केलेला विरोध. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एडीएने मांडलेला पुरावा खोटा नव्हता. पण संघटनेच्या भूमिकेमागचा मुख्य प्रश्न असा होता की गावातल्या माणसाला त्याच्या उत्तराचा फारसा उपयोग नव्हता. आणि प्रश्न तसा का निवडला गेला याचं उत्तर संघटनेच्या रचनेत सापडतं.

आधी रचना बघू. एडीए १८५९ साली नायगारा फॉल्स इथे २६ दंतवैद्यांनी स्थापन केली. मुख्यालय शिकागोत आहे. संघटनेचं स्वतःचं जर्नल आहे, जाडा, १९१३ पासून निघणारं. धोरण ठरवणारी सर्वोच्च सभा म्हणजे ‘हाऊस ऑफ डेलिगेट्स’. ती वर्षातून एकदा भरते. तिच्यात प्रामुख्याने राज्य संघटनांनी पाठवलेले प्रतिनिधी असतात, शिवाय सरकारी आणि लष्करी दंतसेवेचे आणि दंतविद्यार्थ्यांचे थोडे. रोजचा कारभार विश्वस्त मंडळ बघतं, त्यावर १७ विभागांतून विश्वस्त येतात. ठराव आधी समित्यांपुढे जातात, मग सभेपुढे येतात, मतदान होतं आणि ‘धोरण’ तयार होतं. कागदावर ही रचना चांगलीच लोकशाही आहे. फक्त मतदार कोण ते बघा. दंतवैद्य, आणि दंतवैद्य होऊ घातलेले. ज्याच्या दाढेत कळ आहे तो या सभागृहात कुठेच नाही.

इथे आपल्याकडचे विद्यार्थी हमखास एक घोळ करतात. एडीए म्हणजे आपली डेंटल कौन्सिल नव्हे. एडीए ही स्वेच्छेने सभासद व्हायची संघटना आहे, आपल्या इंडियन डेंटल असोसिएशनसारखी. व्यवसायाचा परवाना द्यायचं काम तिथे प्रत्येक राज्याचं मंडळ करतं. आपल्याकडे डेंटिस्ट्स ॲक्ट, १९४८ नुसार नोंदणी आणि शिक्षणाचं नियमन कौन्सिलकडे आलं. संघटना आणि नियामक हे वेगळे. (निदान वेगळे असावेत. त्यावर पुढे येतोच.)

आता अलास्का. तिथल्या आदिवासी समाजाची कितीतरी गावं अशी आहेत की त्यांना रस्ताच जोडलेला नाही. छोट्या विमानाने जायचं, नाहीतर बोटीने किंवा स्नोमोबाईलवरून. दंतवैद्य यायचे ते वर्षातून थोडे दिवस. मुलांच्या दातांची अवस्था फार वाईट होती आणि उपचार म्हणजे बऱ्याचदा दात उपटणे. यावर तिथल्या आदिवासी आरोग्य यंत्रणेने २००३ साली आपल्यातलीच काही मुलं-मुली न्यूझीलंडला, ओटागो विद्यापीठात दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला पाठवली. न्यूझीलंडच का? कारण तिथे १९२१ पासून शाळांमधून ‘डेंटल नर्स’ तयार करून मुलांचे दात भरून घेतले जात होते. म्हणजे कल्पना नवी नव्हती, तिला ऐंशी वर्षांचा इतिहास होता. परत आलेले हे डेंटल थेरपिस्ट तपासणी करत, दात साफ करत, फिलिंग करत, सोपे दात काढत. दूर कुठेतरी बसलेला दंतवैद्य फोनवरून, फोटो-एक्सरे बघून देखरेख करी.

एडीएचं धोरण होतं की निदान, उपचारांची आखणी आणि परत न फिरवता येणारे उपचार हे फक्त दंतवैद्यानेच करायचे. ‘परत न फिरवता येणारे’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. दात एकदा ड्रिलने कोरला की तो भाग परत येत नाही, काढला की संपला. हे खरंच आहे. जानेवारी २००६ मध्ये एडीए आणि अलास्काच्या राज्य संघटनेने कोर्टात दावा लावला. प्रतिवादी होती आदिवासी आरोग्य संस्था आणि सोबत ते थेरपिस्ट स्वतः, नावानिशी. नुकतंच शिकून गावात कामाला लागलेले तरुण, आणि समोर देशातली सर्वात मोठी दंत संघटना. २००७ मध्ये कोर्टाने सांगितलं की ही सेवा केंद्राच्या आदिवासी आरोग्य कायद्याखाली येते, राज्याचा परवान्याचा नियम तिला आड येत नाही. त्याच वर्षी तडजोड होऊन प्रकरण मिटलं.

कोर्टात मिटलं, पण वाद संपला नाही. २००९ मध्ये मिनेसोटा राज्याने डेंटल थेरपिस्टना परवाना देणारा कायदा केला आणि हा प्रश्न आदिवासी गावांपुरता राहिला नाही. आता पुरावा लागणार होता. एडीएच्या वैज्ञानिक समितीच्या पुढाकाराने एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू झाला आणि तो जानेवारी २०१३ मध्ये जाडामध्ये छापून आला. आपल्यासाठी सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

रिव्ह्यू प्रामाणिक आहे, हे आधी मान्य करतो. शोधाची पद्धत दिली आहे, अभ्यासांचा दर्जा कमकुवत आहे हेही स्पष्ट म्हटलं आहे. निष्कर्षाचा गाभा दोन वाक्यांचा आहे. पहिलं : मधल्या स्तरावरचे सेवक असलेल्या गटांत कीड लागण्याचं प्रमाण किंवा तिची तीव्रता काळानुसार कमी झाली, पण जिथे फक्त दंतवैद्यच हे उपचार करतात तिथल्या तुलनेत फरक दिसला नाही. दुसरं : उपचाराविना तशीच राहिलेली कीड मात्र या गटांत कमी होती, दंतवैद्य-फक्त गटांच्या तुलनेतसुद्धा.

विरोध करणाऱ्याने पहिलं वाक्य उचलावं, समर्थकाने दुसरं. दोघंही खोटं बोलत नाहीत. मग खरं काय? त्यासाठी मोजपट्टी बघावी लागते.

दातांच्या किडीचे अभ्यास बहुतेक वेळा डीएमएफटी नावाच्या निर्देशांकावर चालतात. १९३८ पासून वापरात आहे. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले अशा दातांची सरळ बेरीज. आता समजा गावातल्या एका बारा वर्षांच्या मुलीचे सहा दात किडले आहेत. गमावलेले शून्य, भरलेले शून्य. बेरीज सहा. थेरपिस्टने त्यातले पाच भरले. आता किडलेला एक, भरलेले पाच. बेरीज? सहाच. मुलीला रात्री झोप लागते, शाळा बुडत नाही, आणि निर्देशांक जागचा हललेला नाही. पुढच्या वर्षी एक नवा दात किडला तर बेरीज सात होईल. म्हणजे उपचार मिळालेल्या मुलीची प्रकृती आकड्यात ‘बिघडलेली’ दिसेल!

यात गणिती चलाखी काही नाही. डीएमएफटी हा आयुष्यभरात किती दात किडीच्या तावडीत सापडले याचा हिशेब आहे. तो वाढतो किंवा तिथेच राहतो. फिलिंग करून तो कमी करणं जगातल्या सर्वोत्तम दंतवैद्यालाही शक्य नाही. नवी कीड लागणं ठरतं ते साखरेने, फ्लोराईडने, ब्रशने. फिलिंग कोणी केलं याचा नव्या किडीशी संबंध असलाच तर अप्रत्यक्ष. मग ‘थेरपिस्टमुळे किडीचं प्रमाण घटतं का’ हा प्रश्न विचारणं म्हणजे ॲम्ब्युलन्स घेतल्यामुळे अपघात घटले का असं विचारण्यासारखं आहे. उत्तर ‘नाही’ आलं म्हणून ॲम्ब्युलन्स बिनकामाची ठरत नाही.

आणखी एक बघा. त्याच मुलीचे पाच दात भरण्याऐवजी उपटले असते तर? किडलेला एक, गमावलेले पाच, बेरीज पुन्हा सहा. दात तोंडात असणं आणि नसणं यातला फरक या बेरजेला दिसतच नाही. म्हणून उपचाराविना राहिलेली कीड हा घटक वेगळा काढून मोजावा लागतो. तो रिव्ह्यूमध्ये काढला होता आणि तिथेच थेरपिस्टच्या बाजूने फरक दिसला होता. अशा ठिकाणी मोजपट्टीचं स्वरूप ओळखणं हे वाचणाऱ्याचं काम आहे. ॲबस्ट्रॅक्ट वाचून ‘फरक आढळला नाही’ एवढं टिपून घेणारा विद्यार्थी नेमका इथे फसतो.

माझा दुसरा आक्षेप तुलनेवर आहे. थेरपिस्ट विरुद्ध दंतवैद्य, अशी मांडणी केली की साहजिकच चार वर्षांचं दंत शिक्षण घेतलेल्याचं पारडं जड वाटतं. पण रस्ता नसलेल्या गावात दुसरा पर्याय दंतवैद्य नव्हताच. तिथे तुलना थेरपिस्ट विरुद्ध कोणीच नाही, अशी होती. तुलनेचा गट हा अभ्यासाचा तांत्रिक तपशील वाटतो, पण धोरण त्यावरच उभं राहतं. संघटनेच्या सभागृहात बसलेल्या प्रतिनिधीला ‘माझ्या जागी हा कोण?’ हा प्रश्न पडणं अगदी नैसर्गिक आहे. ‘माझी जागा रिकामीच आहे, तिथे कोण?’ हा प्रश्न विचारणारा मतदार त्या सभागृहात नव्हता.

आता दुसऱ्या बाजूचीही तपासणी करू, नाहीतर ही समीक्षा न होता वकिली होईल. २०१२ मध्ये डेव्हिड नॅश आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या डेंटल थेरपिस्टवरच्या साहित्याचा मोठा आढावा घेतला. ५४ देश, हजारावर कागदपत्रं. निष्कर्ष असा की थेरपिस्ट सुरक्षित आणि तांत्रिकदृष्ट्या चांगलं काम करतात, विशेषतः मुलांमध्ये. पण पैसा कोणाचा? डब्ल्यू. के. केलॉग फाउंडेशनचा, जे थेरपिस्टच्या विस्ताराला उघड पाठिंबा देत होतं. नॅश स्वतः या कल्पनेचे जुने पुरस्कर्ते. शिवाय कागदपत्रांची संख्या म्हणजे पुराव्याचं वजन नव्हे. त्यात सरकारी अहवाल, वर्णनात्मक लेख असं बरंच काही येतं. नुकसान झाल्याचं आढळलं नाही, हे वाक्य तेव्हाच जड होतं जेव्हा नुकसान नीट शोधलं गेलेलं असतं. २०१० चा अलास्कातला मूल्यमापन अहवाल घ्या. प्रत्यक्ष काम बघून, रुग्णांचे दात तपासून केलेला चांगला अभ्यास, पण पाच ठिकाणी काम करणाऱ्या पाच थेरपिस्टचा. २०१४ मध्ये कॉक्रेनच्या गटाने अत्यंत कडक चाळणी लावली तेव्हा हातात पाचच अभ्यास उरले आणि त्यांनी ठाम निष्कर्ष काढायचं टाळलं. ज्याला विरोधच करायचा आहे तो याचा अर्थ ‘पुरावा नाही’ असा लावेल. त्याचा खरा अर्थ एवढाच की थेरपिस्ट आणि दंतवैद्य यांची थेट, काटेकोर तुलना फार थोड्यांनी केली आहे.

माझ्या मते योग्य प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास २०१८ चा, डोनाल्ड ची आणि सहकाऱ्यांचा. अलास्कातल्याच युकॉन-कुस्कोक्विम भागातल्या गावांची २००६ ते २०१५ ची उपचारांची नोंद त्यांनी घेतली. कोणत्या गावात थेरपिस्टचे किती दिवस पडले, आणि तिथे दात काढण्याचं व प्रतिबंधक उपचारांचं प्रमाण किती, असा हिशेब. जिथे थेरपिस्टचे दिवस जास्त तिथे दात काढणं कमी आणि प्रतिबंधक उपचार जास्त दिसले. वर आपण बघितलं की दात भरला की काढला हे डीएमएफटीच्या बेरजेला कळत नाही. हा अभ्यास नेमकं तेच मोजतो. मर्यादा आहेत. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, थेरपिस्ट कोणत्या गावात जास्त जातो हे नशिबाने ठरत नाही. विमान कुठे नीट उतरतं, दवाखाना कुठे आहे, यावरही ते ठरतं. म्हणून कार्यकारणभाव जपून मांडायचा. पण धोरण ठरवणाऱ्याला हवा असलेला परिणाम आणि तुलनेचा गट, दोन्ही इथे जागेवर आहेत.

दंतवैद्यांची काळजी सगळी पोटापाण्याचीच होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. गरिबाला कमी शिकलेला आणि श्रीमंताला पूर्ण शिकलेला, अशी दोन दर्जांची सेवा कायमची रुजेल ही भीती खरी आहे. आपल्याकडे ग्रामीण डॉक्टरांच्या लहान अभ्यासक्रमाचा विषय निघाला की हाच मुद्दा निघतो आणि तो निघायलाच हवा. फक्त या भीतीला उत्तर द्यायचं तर गावात दंतवैद्य पोचवायची व्यवस्था मांडावी लागते. नुसता मनाईचा ठराव पुरत नाही.

आता रचनेकडे परत. गंमत अशी की एडीएच्याच छत्राखाली एक दुसरी संस्था आहे, कोडा, म्हणजे दंत शिक्षणाला मान्यता देणारा आयोग. संघटनेचा विरोध कायम असताना या आयोगाने २०१५ मध्ये डेंटल थेरपी अभ्यासक्रमांसाठी मानकं मंजूर केली, किमान तीन शैक्षणिक वर्षांची. हे कसं घडलं? आयोगात एडीएने नेमलेले सदस्य आहेतच, पण त्यांच्यासोबत दंत महाविद्यालयांचे, राज्य मंडळांचे आणि सर्वसामान्य जनतेचे प्रतिनिधीही आहेत. मानकं ठरवण्याचा अधिकार सभागृहाच्या हातात नाही. शिवाय २०१३ आणि २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी आयोगाला लेखी कळवलं होतं की मानकांनी स्पर्धेला विनाकारण आडकाठी करू नये. इमारत तीच, व्यवसाय तोच. टेबलाभोवतीची माणसं आणि बाहेरून बघणारा डोळा बदलला की निर्णय बदलला.

याच वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनाच्या दंत परीक्षक मंडळाविरुद्ध ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. मंडळाच्या आठ सदस्यांपैकी सहा प्रॅक्टिस करणारे दंतवैद्य, आणि त्यांना निवडून देणारेही दंतवैद्य. या मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या दंतवैद्येतर दुकानदारांना धंदा बंद करा अशी पत्रं धाडली होती. न्यायालय म्हणालं, बाजारातले स्पर्धकच मंडळ चालवत असतील आणि राज्याची सक्रिय देखरेख नसेल, तर केवळ सरकारी मंडळ म्हणून त्यांना स्पर्धा कायद्यातून सूट मिळणार नाही. वर मी ‘निदान वेगळे असावेत’ असं कंसात म्हटलं ते यासाठी. नियामक मंडळ कागदावर सरकारी आणि वागायला संघटनेसारखं असू शकतं.

आपल्याकडे वारं उलट दिशेने वाहिलं. १९४८ च्या कायद्यातल्या कौन्सिलमध्ये दंतवैद्यांनी निवडून दिलेले सदस्य होते. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात भर नेमलेल्या सदस्यांवर आहे. म्हणजे ‘मतदार कोण’ या प्रश्नाची जागा ‘नेमणारा कोण’ या प्रश्नाने घेतली. सार्वजनिक आरोग्य किंवा आरोग्य धोरणात पीएचडी करायचा विचार असेल तर हा विषय हाताळण्यासारखा आहे : रचना बदलल्यावर धोरणासाठी मागवल्या जाणाऱ्या पुराव्यात परिणाम आणि तुलनेचा गट कसा निवडला जातो. पेटच्या मुलाखतीत ‘संशोधनातली पोकळी कुठे आहे’ विचारतात, तेव्हा ‘यावर महाराष्ट्रात अभ्यास झालेला नाही’ या ठरलेल्या उत्तरापेक्षा हे नक्कीच बरं.

आणि एडीएवरच काम करायचं असेल तर मूळ साधनं उपलब्ध आहेत. वार्षिक सभेचे ठराव ‘ट्रान्झॅक्शन्स’ या नावाने वर्षवार छापले जातात. भूमिकेचं पान संदर्भ म्हणून देण्याऐवजी ठराव गाठा, त्याची भाषा बघा, तो कोणत्या समितीतून आला ते बघा. मी सुरुवात २००३ ते २००७ च्या खंडांपासून करीन.